आमच्या घरची पद्धत

"शर्ट काढा," डॉक्टर म्हणाले.

माझ्या नवऱ्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे आणि शेवटी छताच्या पंख्याकडे.

"पंखा जरा बंद करता का? गारठा लागतो मला."

वैशाखातलं मिरज. बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. डॉक्टर मुजावरांनी उठून पंखा बंद केला. यांनी एकेक बटण मुलगी सासरी पाठवावी तसं सोडलं. शर्ट निघाला. आत बनियन.

"तेही काढा."

बनियन निघालं. आत दुसरं बनियन, जरा घट्ट.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "ताई, आणखी किती आहेत?"

"नाही, आता आत फक्त हेच आहेत," मी म्हणाले.

डॉक्टर हसले. हे हसले नाहीत. दुसरं बनियन डोक्यावरून काढून त्यांनी ते छातीशीच धरून ठेवलं, आणि डॉक्टरांनी ते हळूच, लहान मुलाच्या हातातलं काही काढून घ्यावं तसं, काढून घेतलं.

माझा नवरा म्हणजे हातापायाच्या काड्या. वजनाच्या काट्यावर उभा राहिला तर काटा विचार करतो. पण छातीवर दोन्ही बाजूंनी असा उंचवटा, की पाठमोरा बघितला तर मास्तर आणि समोरून बघितला तर वयात आलेली पोर. हे मी आज सांगते आहे. त्या दिवसापर्यंत मी हे कुणापुढे बोलले नव्हते, त्यांच्यापुढे तर नाहीच. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मला कळलं होतं. त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आधी दिवा मालवायचा, ही आमच्या संसारातली पद्धतच पडून गेली.

पद्धत या शब्दाला आमच्या घरात फार मान. आम्ही शिरसवाडीचे गुरव. गावाबाहेर ओढ्याकाठी बिल्वेश्वराचं देऊळ, आणि त्याच्या पूजेची पाळी भाऊबंदांच्या तीन घरांत वाटलेली. श्रावण आमच्या घराकडे. माझे सासरे रामलिंग अण्णा, सबंध गावाचे अण्णा, श्रावणभर गाभाऱ्यात बसायचे. मी बाहेर पायरीशी नारळ, बेल, कापूर विकायचे. हे गावच्या हायस्कुलात भूगोल शिकवायचे आणि देवळाच्या बाबतीत आपण त्या गावचेच नाही असे वागायचे.

गाभाऱ्यात जायचं तर सोवळ्यात, म्हणजे कमरेला धोतर आणि वर उघडं अंग. उपरणं असतं, पण अभिषेकाला बसताना ते कमरेला गुंडाळायचं. बाकीच्या दोन घरांचे पुजारी तसेच बसत आणि अभिषेक सगळ्यांना दिसे. आमच्या पाळीत मात्र गाभाऱ्याच्या दाराला जाड लाल पडदा लागायचा. अभिषेक संपला, उपरणं अंगावर आलं, की पडदा उघडायचा.

"अण्णा, महादेवाला कसला हो पडदा?" असं कुणी विचारलंच तर अण्णा मान वर न करता म्हणायचे, "आमच्या घरची पद्धत आहे."

आमच्या लग्नात नवरदेवाला हळद लागली तीही बनियनवरून. माझी मावशी कुजबुजली, "अगं, ही कुठली रीत?" अण्णा मांडवाच्या दुसऱ्या टोकाला होते, पण त्यांना ऐकू गेलं. "आमच्या घरची पद्धत आहे," ते म्हणाले. पद्धत म्हटलं की प्रश्न संपतो. उलट विचारणारा तोंडघशी पडतो.

तर अशा घरात कॅमेरा आला.

आदल्या श्रावणात सोमवारी देवळात रेटारेटी झाली होती. कमिटीने ठरवलं, गाभाऱ्यात कॅमेरा बसवायचा आणि सभामंडपात मोठा टीव्ही. लोकांनी मंडपात बसून अभिषेक बघावा, आत ढकलाढकली नको. पुढाकार माझे चुलत दीर प्रल्हादभावजी यांचा. भावजी म्हणजे गावात कुठेही नारळ फुटला की पाणी प्यायला हजर. अण्णा कमिटीपुढे तावातावाने भांडले. पडदा, परंपरा, पावित्र्य, सगळं काढून झालं. भावजी शांतपणे म्हणाले, "अण्णा, पडदा राहू द्या की. कॅमेरा आत आहे."

अण्णा घरी आले ते गुडघा धरूनच.

त्या दिवसापासून गुडघा दुखायला लागला. कधी उजवा दुखायचा, कधी डावा. मी बघत होते, बोलत नव्हते. गिऱ्हाईकाने हातात घेऊन खाली ठेवलेला नारळ दुकानदाराला दिसतो, पण त्याने तसं दाखवायचं नसतं. आठवडाभराने जेवताना अण्णा म्हणाले, "मला काही आता गाभाऱ्यात मांडी घालून बसवत नाही. या श्रावणात निळ्या बसेल."

यांच्या हातातला घास ताटात गेला.

नाही म्हणायची सोय नव्हती. एक श्रावण आमचं घर बसलं नाही तर भावजींचं घर बसणार, आणि आमच्याकडे एकदा सुटलेली पाळी परत आली असं कुणी ऐकलेलं नाही. अण्णांनी उभं आयुष्य जिथे काढलं ती जागा माझ्या नवऱ्याच्या हातून जाणार. आणि बसायचं तर उघड्या अंगाने, कॅमेऱ्यासमोर, सबंध गाव खाली सतरंजीवर बसलेलं, त्यात यांच्या शाळेची पोरं.

संध्याकाळी मी नारळ सोलत बसले होते. हे शेजारी येऊन बसले, शेंड्यांचे धागे ओढत राहिले आणि खाली बघत म्हणाले, "वैजू, हे काढता येतं का गं?"

लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि पहिल्यांदा त्यांनी 'हे' म्हटलं होतं. मला वाटलं, आता जोरात श्वास घेतला तरी हे उठून जातील. मी नारळ सोलतच राहिले.

"येत असेल. मिरजेत विचारू," मी म्हणाले.

अण्णांना सांगितलं, माझ्या थायरॉइडचं बघायला जातोय.

डॉक्टर मुजावरांनी दोन्हीकडे बोटांनी चाचपून पाहिलं. "कधीपासून?"

"आठवीपासून."

"काही औषधं घेता? दारू? व्यायामशाळेतली पावडर?"

"भूगोल शिकवतो," हे म्हणाले, जणू तेच एक व्यसन.

"घरात आणखी कुणाला? वडील, काका?"

"छे, छे. कुणालाच नाही."

डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या, सोनोग्राफी सांगितली. मग टेबलावरच्या कोऱ्या कागदावर एक छाती काढली. बरी काढली होती, पण माझा नवरा तिच्याकडे बघेना.

"हे बघा, मास्तर. हा काही रोग नाही. तपासण्या नीट आल्या तर काहीच न करणं हाही एक मार्ग आहे. काही लोक तोच घेतात आणि सुखात राहतात." ते थांबले. यांनी मान हलवली, नाही म्हणून. "बरं. मग करायचं तर कसं, ते सांगतो. एक, बाजूला अगदी बारीक भोक पाडून नळीने चरबी ओढून काढायची. वण जवळजवळ दिसतच नाही."

"हेच करा," हे एकदम म्हणाले.

"ऐका तर. तुमच्यात चरबी आहेच किती? बोंडाच्या मागे हाताला कडक लागतंय ना, ती ग्रंथी आहे. ती नळीने येत नाही. दोन, ती कापूनच काढावी लागते. काळसर गोल असतो ना, त्याच्या खालच्या कडेवर अर्ध्या चंद्रासारखा छेद. वण राहतो. पुढे फिका होतो, पण राहतो. तुमच्यासाठी दोन्ही मिळून करावं. मधली गाठ कापून, कडेची चरबी ओढून, म्हणजे छाती सपाट बसते, खड्डा पडत नाही."

"आणि नुसती नळी लावली तर?"

"थोडं उतरेल. पण मधलं टोक आहे तसंच राहील. मग वर्षभराने परत माझ्याकडे याल, आणि मी म्हणेन, मास्तर, आधीच सांगितलं होतं."

"पण वण नको," हे म्हणाले. "वण चालत नाही आमच्यात. श्रावणात पूजेची पाळी आहे, देवळात..."

"पाळी काय ती मला नका सांगू." डॉक्टर हसले. "आमच्या घराकडे दर्ग्याची असते. उरुसात माझा भाऊ बसतो, मला बसायला लावू नये म्हणून मी डॉक्टर झालो. ठरवा आणि या. श्रावणाआधी भरून यायला पाहिजे, म्हणून फार उशीर करू नका."

वण चालत नाही, हे त्यांनी उगीच म्हटलं नव्हतं. ज्याच्या अंगात व्यंग, त्याने गाभाऱ्यात जायचं नाही, असं आमच्याकडे मानतात. यांच्या एका चुलत आजोबांचं बोट उसाच्या घाण्यात गेलं. बोटाबरोबर पाळीही गेली. ते पुढे मरेपर्यंत बाहेर घंटेखाली बसून पूजा ऐकत.

"बोट आणि वण एक आहे का?" परतीच्या एसटीत मी म्हणाले.

"प्रल्हाददादा एक करील. कॅमेऱ्यात दिसेल ना सगळं. म्हणेल, अंगाला शस्त्र लागलेला माणूस चालतो कसा?"

"मग अण्णांना विचारू. ते सांगतील चालतं की नाही."

"अण्णांना?" त्यांनी असं पाहिलं की जणू मी एसटीतून उडी मारायला सांगितलं. "त्यांना कळलं तर... वैजू, त्यांना हे माहीतच नाही."

माणूस केवढा शिकला तरी आपल्या बापाला डोळे नाहीत असं समजतो.

घोळ पंधरा-वीस दिवस चालला. सकाळी हे म्हणत, नळीच बरी, निदान वण नाही. दुपारी म्हणत, टोक राहिलं तर उपयोग काय. संध्याकाळी म्हणत, पाळी देऊन टाकू, बदली मागू, चंदगडला जाऊ. मी हो म्हणत होते, तिन्हीला. माझं मत मी एकदाच सांगितलं, "मला यातलं काहीच करायला नको आहे. मला तुम्ही आहात तसे चालता. पण तुम्हाला चालत नसेल, तर अर्धवट नको. अर्धा फोडलेला नारळ ना देवाला चालतो ना घराला."

रिपोर्ट घ्यायला निघालो त्या सकाळी अण्णा अंगणात तयार. धोतर, सदरा, खांद्यावर उपरणं, हातात काठी.

"मीही येतो. गुडघा दाखवतो."

"अण्णा, ते डॉक्टर गुडघ्याचे नाहीत," हे म्हणाले.

"सूनबाईच्या थायरॉइडचे आहेत ना? मग गुडघ्याचे का नसतील?"

तिघं निघालो.

दवाखान्यात यांनी अण्णांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि आम्ही आत गेलो. रिपोर्ट सगळे ठीक. डॉक्टरांनी परत विचारलं, "मग, काय ठरलं?"

"नुसती नळी लावा," हे म्हणाले. "वण चालत नाही. काय उतरेल तेवढं उतरू दे."

"मास्तर, माझं काम मी सांगितलं. पैसे घेऊन अर्धवट पाठवायला मला बरं वाटत नाही. आणि घरात खरंच कुणाला नाही? कधीकधी घराण्यात असतं, म्हणून विचारतो."

"नाही म्हटलं ना. कुणालाच नाही."

"आहे," मागून आवाज आला.

अण्णा दारात उभे होते. किती वेळ ते देवच जाणे. काठी बाहेरच राहिली होती. ते चालत आत आले, सरळ, ना उजवा गुडघा ना डावा. दार लावून घेतलं. उपरणं खुर्चीवर ठेवलं. सदरा काढला. बनियन काढलं.

आत दुसरं बनियन होतं.

डॉक्टरांनी हळूच माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

अण्णांनी तेही काढलं आणि पोराकडे तोंड करून उभे राहिले. सत्तरीचा माणूस, छाती दोन्हीकडे उठलेली, आता वयाने उतरलेली, पण तीच. यांच्याच छातीचा साचा. माझ्या नवऱ्याच्या चेहऱ्यावरून काय काय गेलं ते मी बघत होते. पडदा, हळद, अण्णांचं अंघोळीला कायम एकट्याने नदीवर जाणं, दोन बनियनं. सगळ्या पद्धती एकेक करून येत होत्या आणि समोर उघड्या उभ्या राहत होत्या.

"अण्णा, म्हणजे तो पडदा..."

"माझ्या बापाने लावला. त्यालाही होतं. तो म्हणाला, पद्धत आहे म्हणायचं, कुणी पुढे विचारत नाही." अण्णांचा आवाज गाभाऱ्यातल्यासारखा बारीक झाला. "निळ्या, माझा गुडघा चांगला आहे. ती टीव्हीची भानगड आली आणि मी भ्यालो. तुला पुढं केलं. तू आठवीत असताना पोहायचं सोडलंस, तेव्हाच मला कळलं होतं. तुझ्याशी बोलायला पाहिजे होतं. मी हळद बनियनवरून लावली."

हे पुढे झाले आणि खुर्चीवरचं उपरणं उचलून बापाच्या खांद्यावर घालायला लागले. अण्णांनी ते धरून थांबवलं.

"राहू दे. डॉक्टरसाहेब, तुम्ही काय ते नीट करा. कापायचं तर कापा."

"वणाचं काय, अण्णा?" हे म्हणाले. "व्यंग म्हणतील."

"कोण म्हणेल? प्रल्हाद? त्याच्या बापाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, आठव्या दिवशी गाभाऱ्यात बसला होता."

"ते धोतराखाली होतं."

"म्हणजे महादेवाला धोतराखालचं दिसत नाही?" अण्णांना आता जुना जोर आला होता. "घरात मोठा मी आहे. मी सांगतो, चालतं. कसा असतो म्हणालात वण?"

"अर्ध्या चंद्रासारखा," डॉक्टर म्हणाले.

"बघ. देवाच्या डोक्यावर एक आहे, तुझ्या छातीवर दोन असतील. तक्रार करायची तर त्याने करावी."

माझा नवरा हसला. त्या खोलीत पहिल्यांदाच. मग हसता हसता त्याने डोळे पुसले आणि डॉक्टरांना म्हणाला, "दोन्ही करा. गाठ कापून आणि नळीसुद्धा."

"अण्णा, तुमचंही बघू का?" डॉक्टर म्हणाले. "या वयात जरा जपून करावं लागेल, पण..."

अण्णांनी सदऱ्यात हात घातले. "नको. मी आता याला सरावलो. तुम्ही म्हणता ना, काही न करणं हाही मार्ग आहे?"

पण ते वाक्य पहिल्या दिवसाचं, आणि त्या दिवशी तर आम्ही अण्णांना घरी ठेवून आलो होतो. डॉक्टरांनी ते फक्त आम्हा दोघांना ऐकवलं होतं. आणि घरी येऊन मी ते स्वयंपाकघरात यांना दोनदा ऐकवलं होतं. आमच्या स्वयंपाकघराची भिंत पातळ आहे.

ऑपरेशन नीट झालं. काढलेली गाठ तपासायला पाठवली होती, तीही निर्धोक निघाली. पुढे कित्येक दिवस हे छातीला करकचून बांधणारं बनियन घालून ज्येष्ठाच्या उकाड्यात झोपाळ्यावर बसून असत आणि अण्णा शेजारी बसून विंझणा हलवत. बाप-लेक काही फार बोलत नव्हते. पण एका दुपारी मी सरबत घेऊन गेले, तर अण्णा यांना अभिषेकाची बसकण समजावत होते आणि हे, ज्यांनी जन्मात देवळाचं नाव काढलं नव्हतं, मांडी घालून दाखवत होते.

पट्ट्या कायमच्या निघाल्या त्या दिवशी यांनी स्वतः आरसा मागितला. खोलीचं दार उघडंच होतं. खूप वेळ बघितलं. "वैजू," म्हणाले, "डावीकडचा वण जरा वाकडा आहे का?"

"चंद्र कधी सरळ बघितलाय?" मी म्हणाले. त्या रात्रीपासून दिवा मालवायची घाई गेली.

श्रावण लागला. पडदा काढून ठेवला होता. हे रोज उघड्या अंगाने बसत, आणि माझ्या दुकानातून मंडपातला टीव्ही तिरका दिसे. पहिल्या सोमवारी भावजी बराच वेळ टीव्हीपाशी उभे राहिले. मग माझ्याकडे आले.

"वहिनी, निळूच्या छातीवर ते काय आहे?"

"ऑपरेशनचे वण आहेत, भावजी. हर्नियाचे असतात तसेच. फक्त वर."

भावजींनी कापूर घेतला आणि गेले.

शेवटच्या सोमवारी गर्दी दारापर्यंत. अभिषेक चालू झाला होता आणि अण्णा पायऱ्या चढून आले, काठीशिवाय. माझ्यापाशी थांबले. खांद्यावरचं उपरणं काढून माझ्या हातात दिलं. मग सदरा. मग एकच बनियन, तेही.

"हे धर," म्हणाले. "येतोच."

"अण्णा, आत कॅमेरा आहे."

"माहितेय."

ते गर्दीतून उघडेच आत गेले. माझा हात बेलाच्या पानांत तसाच राहिला. मी टीव्हीकडे बघत होते. आधी हे दिसले, मग त्यांच्या शेजारी अण्णा येऊन बसले, कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात. आयुष्यभर पडद्याआड ठेवलेली छाती सबंध मंडपासमोर, हातभर मोठी झालेली. यांनी वडिलांकडे पाहिलं आणि पाण्याची लोटी त्यांच्या हातात दिली. मंडपात सगळे टक लावून बघत होते. मी वाट बघत होते, पहिला आवाज कुणाचा येतो याची.

आला. खांबाशी बसलेली शिंप्याची म्हातारी होती. सबंध गावाला ऐकू जाईल अशी ओरडली,

"ओ अण्णा! जरा बाजूला सरा की! पिंडी दिसंना!"

मागून आणखी चार आवाज उठले, "सरा, अण्णा, सरा!"

टीव्हीत अण्णांनी दचकून वर पाहिलं. कॅमेऱ्याकडे, म्हणजे आमच्या सगळ्यांकडे. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं रडतायत. पण हसत होते. हसत हसत, लोटी सांभाळत, ते बाजूला सरकले, आणि पिंडी दिसली.